बोअर आधी लागली होती

श्रावण, तुला मातीत ठेवलं तेव्हा मी रस्त्याकडे बघत होतो. लोकांना वाटलं, मास्तरला खड्ड्याकडे बघवत नाही. तसं नव्हतं. मी गाडीची वाट बघत होतो. मिशनची मोठी, पांढरी, काचा वर केलेली गाडी. आज तरी ती येणार अशी माझी खात्री होती. ज्यांच्यासाठी तू पोळ्याचा मान सोडलास, भावबंद सोडलेस, ते तुझ्या शेवटाला तरी येतील, दोन साहेब उतरतील, हार घालतील, फोटो काढतील, आणि मला इतकी वर्षं जे वाटत आलं ते सगळ्या गावादेखत खरं ठरेल.

मुकुटबनहून काळीपिवळी जीप आली. तिच्यातून तुझे ते पास्टर उतरले. आता फार थकलेत. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. त्यांच्यामागून आणखी कोणी उतरतं का, ते मी मान वाकडी करून पाहिलं. कोणी उतरलं नाही. जीप धूळ उडवत पुढे गेली.

म्हणजे बघ, तुझ्या मातीलासुद्धा मी संशयच घेऊन आलो होतो. मूठभर माती टाकतानाही डोक्यात तेच, की गाडी उद्या येईल. आज काही अडचण असेल.

मला आता कोणी खोटं पाडणार नाही, म्हणून खरं सांगायला बसलो आहे असं तुला वाटेल. वाटू दे. तुझा माझ्यावर संशय घ्यायचा हक्क तू कधी वापरला नाहीस, तो आता वापर. पण हे लिहिणं फक्त तुझ्यासाठी नाही. ज्यांनी ती झडती पाठ केली, आपल्या पोरांना शिकवली, त्यांनीही हे वाचावं.

आपल्या भागाबाहेरच्या माणसांना झडती म्हणजे काय ते सांगावं लागतं. पोळ्याला सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, की कोणीतरी हात वर करून चार ओळी म्हणतो. कधी देवाच्या, कधी बैलाच्या, बहुतेक वेळा गावातल्या कोणाची तरी उणीदुणी काढणाऱ्या. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात आणि मग तोरण तुटतं. त्या दिवशी कोणाला राग येत नाही, म्हणजे यायला नको असतो. आपल्या गावात झडत्या रचायचं काम माझं होतं. मी शाळेतला मास्तर, मला शब्द सुचायचे. आणि तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा मान तुझ्या घराचा होता. तुझ्या आजापासूनचा. दर पोळ्याला तुझे हिऱ्या आणि बांड्या झूल घालून पुढे आणि मी त्यांच्या शिंगांपाशी उभा राहून ओरडणार, असं आपलं ठरलेलं होतं. लहानपणी मातीचे बैल घेऊन आपण हेच खेळायचो.

तू मान सोडलास त्या वर्षीच्या वैशाखात बोअरचं मशीन गावात आलं होतं. एकाच मशीनवाल्याला आपण दोघांनी धरलं. आधी माझ्या वावरात, मग तुझ्या. माझ्या वावरातून दिवसभर नुसता पांढरा भुकटा उडाला. मशीनवाल्यानं कपाळावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "मास्तर, दगड हाये. नशीब नाई." तुझ्या वावरात सांजच्याला चिखल आला, मग पाणी आलं, आणि तू अंगातल्या बंडीसकट त्याच्याखाली उभा राहिलास. मी टाळ्या वाजवल्या. वाजवल्याच. पण घरी येऊन जेवलो नाही.

ती बोअर कशाच्या जोरावर लागली हे मला ठाऊक होतं. वहिनींच्या पाटल्या मोडायला वणीच्या सोनाराकडे तुझ्यासोबत मीच आलो होतो. वहिनींच्या रिकाम्या मनगटांवर पांढरे वळ राहिले होते, ते पुढे कितीतरी दिवस मला दिसत होते.

आणि आषाढात, नाल्याला पाणी आल्यावर, तू बाप्तिस्मा घेतलास.

बोअर आधी. बाप्तिस्मा नंतर. यातलं खरं गावात तुझ्या घराबाहेर फक्त मला माहीत होतं. म्हणजे बोअर सगळ्यांनी पाहिली होती, पण तिला पैसा कुठला लागला हे कोणाला ठाऊक नव्हतं. पास्टर तर त्याआधी वर्षभर सायकलवरून तुझ्या वावरात येऊन बसायचे. पाणी प्यायचे, बोलायचे, जायचे. काय बोलायचे, मला माहीत नाही. मी पुसलं तेव्हा तू म्हणालास, "ते बोलत नाईत, मास्तर. मीच बोलतो. ते ऐकते." मला ते खोटं वाटलं. नुसतं ऐकायला कोणी मुकुटबनहून सायकल मारत येतं का?

तुझा राग गावाला माहीत होता. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाचं डोकं तू फोडलं होतंस. बैलावर तुतारीची काठी उगारलीस की हिऱ्यासारखा बैल थरथरायचा. असा माणूस अचानक हळू बोलायला लागला, तर संशय येणार नाही? निदान मला तरी आला.

मग पोळा आला. आदल्या दिवशी तू बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळलेस. मी येऊन पाहिलं होतं. म्हटलं, चला, अजून आपलाच आहे. दुसऱ्या दिवशी तू जोडी सजवून आणलीस आणि तोरणापासून लांब, सगळ्यात मागे उभी केलीस. पाटील ओरडले, "श्रावण, जोडी समोर आन!"

"राहू द्या पाटील. पयली दुसऱ्याची जाऊ द्या."

"काहून? बैलाले लंगडी लागली का?"

"बैल बरे हायेत. मीच आता एकाच्या मागं चालून राह्यलो. मागं चालनाऱ्यानं पुढचा मान कसा घ्यावा?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मागं मागं कुठवर जाशीन? विलायतेले?" हशा झाला. तूही हसलास. पाटलांचा चेहरा मात्र उतरला. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, तुह्या आजाचा मान हाये. तू नाई घेतला त तुह्या भावाले बी भेटनार नाई, दुसऱ्या घरी जाईन. इचार कर."

तू म्हणालास, "केला, पाटील. लय केला."

तुझा थोरला भाऊ तिथेच उभा होता. त्यानं तुझ्याकडे पाठ फिरवली. ती त्यानं पुन्हा कधी वळवली नाही.

आता माझी पाळी होती. मी दुसरीच झडती रचून आणली होती, रेशनच्या गव्हातल्या खड्यांवर. पण तिथे उभं राहिल्यावर ती माझ्या तोंडातून निघाली नाही. दुसरीच निघाली, जणू वैशाखापासून आत शिजत होती:

साऱ्या गावाची कोरडी जमीन, एकाची ओली सारी,
देव देल्ला, बोअर घेतली, सौदा झाला भारी,
पाद्रीबाबा पाणी पाजे, तहानला मानकरी!

असा हशा त्या पाराजवळ कधी झाला नव्हता. लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. मी पुन्हा म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना मी तुझ्याकडे पाहिलं. तू बांड्याच्या कपाळावरचा फुगा नीट करत होतास.

रात्रीतून ती गावभर झाली. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल ओढत तीच म्हणत होती. तू सकाळी नळापाशी भेटलास. मी तयारीत होतो. तू शिवी दिली असतीस, अंगावर आला असतास, तर सगळं फिटलं असतं. तू म्हणालास, "यमक चांगलं जुळलं, मास्तर."

बस. एवढंच. आणि घागर उचलून गेलास.

श्रावण, त्या वाक्याचा अर्थ मी आयुष्यभर लावत बसलो. तो टोमणा होता का? तुला खरंच यमक आवडलं होतं का? का तुला सांगायचं होतं की तुला कळलंय, मी क्रम उलटा केला तो नुसत्या यमकासाठी नाही, त्या पांढऱ्या भुकट्यासाठी? तू कधी उलगडून सांगितलं नाहीस. मला वाटायचं तू मुद्दाम सांगत नाहीस.

ती वर्षं कशी होती ते आठवतं ना? दुकानदार पाकीट दाखवून सांगायचा, या बियाण्याला अळी लागत नाही. अळी लागायची. औषध फवारलं तर अळी मरायची नाही, फवारणारा आडवा पडायचा. माप खरं की खोटं, हवामान खरं की खोटं, पुढारी गावात आला तर कशाला आला. जिकडे हात लावावा ते बोगस निघायचं. अशा दिवसांत माणसाला माणूसही बोगस वाटायला लागतो. मी एक ओळ टाकली आणि ती लगेच रुजली, कारण जमीन तशीच झाली होती. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडंसं बचावासाठीच सांगतो आहे. पण खरं आहे.

कापूस फुटला. पहिल्या वेचणीला आपल्याकडे बाया वावरात सीतादही करतात. झाडाला दहीभात दाखवतात, मग ओटीत पहिलं बोंड पडतं. तुझ्या वावरात तू ते करणार नाहीस, असं बायांना आधीच कोणीतरी सांगितलं. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं, पण माझी झडती सांगत फिरत होती. बाया म्हणाल्या, "ज्यानं देव इकला त्याच्या वावरात आमी नाई जात." एक बाई आली नाही. वेचणीच्या दिवसांत हात मिळत नाहीत, तुझ्या धुऱ्यापलीकडे माझ्या वावरात मात्र वीसेक बाया गाणी म्हणत वेचत होत्या.

तुम्ही तिघंच. तू, वहिनी आणि तुमची पोर रेखा. बोंडाच्या वाळक्या टोकांनी वहिनींची बोटं फाटली होती, त्यांना त्यांनी फडक्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं. माझी बायको सुमन धुऱ्यावर येऊन म्हणाली, "चार बाया पाठवा ना तिकडं. पानी येईन. तुमच्या म्हनन्यानं त येतीन त्या."

मी म्हटलं, "त्याले मिशन पुरवन."

सुमन स्वतःच पदर खोचून तुझ्या वावरात गेली. एकटी. ती तुला कधी बोलली का, मला माहीत नाही. संध्याकाळी आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की तू तिला पाणी दिलंस आणि माझी खुशाली पुसलीस.

त्या रात्री पाणी आलं. तुझा निम्मा कापूस झाडावरच काळा पडला.

आणि मिशन? मी वाट बघत होतो, श्रावण. मी रोज बघत होतो. आता येईल गाडी, आता भरपाई येईल. काहीच आलं नाही. पास्टर तेवढे आले, सायकलवर, आणि दोन दिवस तुमच्यासोबत तो भिजून कवडी झालेला कापूस वेचत बसले. त्यांना वेचता येत नव्हतं. अर्धी पत्ती बोंडासोबतच ओढून घ्यायचे. त्यांची झोळी बघून रेखा हसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मनात म्हटलं, दाखवायला करतोय.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीनं तळ गाठला. तुझ्या बोअरला बोटभर धार होती. ज्या बाया वेचायला आल्या नव्हत्या त्या गुंड, घागरी घेऊन तुझ्या वावरात रांगेत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बघू. आता हा एकेकीला सुनावेल, नाही तर प्रार्थना करायला लावून पाणी देईल. तू वीज आली की मोटर सुरू करायचास आणि बाभळीखाली जाऊन बसायचास, कोणाला ओशाळं वाटू नये म्हणून. रांगेतल्या एका आजीबाईनं मला सांगितलं होतं, "पाद्र्याचं पानी गोड हाये, मास्तर." नाव तेच. पाद्र्याचं पाणी. तहान भागली तरी झडती सुटली नाही. माझ्या घरी तुझ्या बोअरचं पाणी सुमन आणायची. मी प्यायचो. ते कुठलं, ते मी पुसत नव्हतो.

आपलं खरं भांडण त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. भांडण म्हणजे मी एकटाच भांडलो. तू धुऱ्यावर तुरीच्या काड्या बांधत होतास. मी निवृत्त झालो होतो, हाताला काम नव्हतं, आणि तुझी शांतता मला सहन होत नव्हती.

मी म्हटलं, "तू मले काही म्हनत काहून नाई?"

"काय म्हनू?"

"शिवी दे."

"देल्ली असती. पन मले मनाई हाये." आणि हसलास.

"मंग माफ केलं असं त म्हन. कायले अडकवून ठेवलं मले?"

तू काड्या खाली ठेवल्यास. "माफ त कवाच केलं. पोळ्याच्या रातीच..." मग थांबलास. "नाई. खोटं कायले बोलू. त्या राती तुले मारावं वाटलं. तुतारी घेऊन निंगालो बी होतो, तुह्या वहिनीनं दार अडवलं. सकाळी माफ केलं. दुपारी पुन्ना राग आला. मंग पुन्ना केलं."

"म्हंजे एकदा नाई केलं?"

"एकदा करून भागते का? बैलाले एकदा चारा टाकून भागते का? रोज टाका लागते."

मी म्हटलं, "रोज माफ करतोस म्हंजे रोज आठवण ठेवतोस. हा डाव हाये तुहा. मी मागाच्या आधी माफ करून मले बांधून टाकलं."

तुझा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. तू म्हणालास, "डाव असता त कवाचा सोडला असता, मास्तर. लय जड हाये." आणि मग, नेहमीसारखं, "आनखी, तू बी त इसरू देत नाईस. रोज धुऱ्यावर येऊन उभा राह्यतोस."

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माफी मागायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं म्हणायचं होतं, "बोअर आधी लागली होती, मी सगळ्यांना सांगतो." जिभेवर आलं होतं. पण तेव्हा मला वाटलं, हे म्हटलं की तू म्हणशील, ये. उपासनेला ये. बघ, तुझंही मन बदललं. म्हणजे एवढ्या वर्षांची तुझी शांतता माझ्यासाठी लावलेलं जाळं होतं, हे सिद्ध होईल. मी त्या निमंत्रणाची वाट बघत होतो, श्रावण. नकार तयार ठेवला होता. चांगला, दोन ओळींचा, यमकासकट.

तू कधी बोलावलंच नाहीस. गावातल्या कितीतरी जणांना तू सांगायचास. शिव्या खायचास, तरी सांगायचास. कोलामपोडावर, कोलामांच्या वस्तीवर, जायचास. दारूच्या गुत्त्यासमोर बसायचास. माझ्या घरावरून जाताना मात्र "काय मास्तर, जेवले का?" एवढंच. मला त्याचाही राग होता. मी एवढा वाया गेलेला आहे का, की बोलावण्याच्याही लायकीचा नाही?

शेवटच्या दुखण्यात मी तुला भेटायला यवतमाळला आलो. दवाखान्यात तुझी छाती भात्यासारखी वाजत होती. पलंगाशेजारी तुझं पवित्र शास्त्र होतं, त्यात खूण म्हणून कापसाची वाळकी पत्ती. मी त्याच्याकडे बघत होतो, तू माझ्याकडे. आता बोलावेल, असं वाटलं. तू म्हणालास, "मास्तर, लहानपनीची ती झडती म्हन ना. मातीच्या बैलाची." मी म्हटली. अर्धी विसरलो होतो, ती तू ओठ हलवून पुरी केलीस. नर्स हसली. मी उठलो, म्हटलं, "येतो." तू म्हणालास, "या." पुढं काही नाही.

आता जे सांगतो ते तुला माहीत आहे, पण मला चार दिवसांपूर्वी कळलं.

तुझी माती झाल्यावर मी लिंबाखाली बसलो होतो. रेखा पाणी घेऊन आली. तीही आता चष्मा लावते. म्हणाली, "काका, बाबा रोज प्रार्थनेत पयलं तुमचं नाव घेत. मायच्या बी आधी. माय चिडे."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "मंग मले एकदा बी ये काहून नाई म्हटलं?"

ती शेजारी बसली. मग म्हणाली, "मी बी पुसलं होतं. पास्टरकाका त रागवत त्याहिले. म्हनत, सगळ्या गावाले सांगतोस अन् सख्ख्या दोस्ताले काहून नाई सांगत, लाज वाटते का? बाबा ऐकून घेत. मंग मले म्हनाले, 'पोरी, मास्तरले बोलावलं त त्याले वाटन, मले मानसामागं काही भेटते. त्याच्या मनातली ती बोअर आटू दे पयले. मंग सांगीन.'"

"मंग?"

"मंग काय काका. आटलीच नाई."

मी तिच्या हातातलं पाणी घेतलं आणि प्यायलो.

मान सोडलास, भाऊ सोडलास, कापूस गेला, हे गावानं पाहिलं. मी तर मोजून ठेवल्यासारखं पाहिलं, कारण मला शोधायचं होतं की त्याच्या बदल्यात तुला काय मिळालं. पण तू सगळ्यात मोठं काय सोडलंस ते माझ्या समोर उभं होतं आणि मला दिसलं नाही. जे तुला जिवापेक्षा मोलाचं वाटत होतं ते तुला सगळ्यात आधी मला द्यायचं होतं. मी तीन ओळींनी तुझं तोंड बांधलं. तुझ्या गुरूनं त्यासाठी तुलाच बोल लावला आणि तू तोही ऐकून घेतलास. माझ्या झडतीचं नाव काढलं नाहीस. मी बांधलो गेलो असं म्हणत होतो. बांधलेला तू होतास.

तरीही, खरं सांगतो, मी अजून पूर्ण विश्वास ठेवत नाही. रेखा चांगली मुलगी आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. तुझा देव खरा आहे का, हेही मला माहीत नाही, आणि तू सांगायला राहिला नाहीस. इतकी वर्षं संशय घेतल्यावर तो लंगोटीसारखा अंगाला बसतो, नुसता काढून टाकता येत नाही. पण एका गोष्टीवर संशय घेता येत नाही, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. बोअर आधी लागली होती.

काल पोळा होता. आता गावात जोड्या थोड्याच राहिल्या, ट्रॅक्टरलाच झुली घालतात पोरं. तुझ्या घराचा मान गेला तो गेला, पहिली जोडी आता दुसऱ्याच कोणाची. पण म्हातारा म्हणून मला बोलावतात. एकानं हातात माईक दिला. "म्हना मास्तर, जुनी म्हना! बोअरवाली!"

मी आदल्या दिवशी बसून नवीन झडती रचायचा प्रयत्न केला होता. उलटी, खऱ्या क्रमाची. जुळेना. खोट्याला एका क्षणात यमक सापडलं होतं, खऱ्याला रात्रभर सापडलं नाही. म्हणून मी साधंच बोललो. म्हटलं, "ते झडती खोटी हाये. बोअर पयले लागली, वहिनीच्या पाटल्या मोडून. बाप्तिस्मा मंग झाला. मी सोबत होतो, मले माहीत होतं. माही बोअर कोरडी गेली म्हनून मी तसं म्हटलं. श्रावणनं कोनाचं काही घेतलं नाई."

माईक शिटी वाजवत होता. लोक माझ्याकडे बघत होते, मी आता पुढची मजेदार ओळ म्हणेन म्हणून. मी माईक खाली ठेवला.

मग मागून एक पोरगा ओरडला, "बुढ्याले मिशनकडून काय भेटलं बे?"

असा हशा झाला, श्रावण! तसाच. अगदी तसाच. शेजारच्यानं त्याला टाळी दिली. तुझा थोरला भाऊ गर्दीत काठी टेकून उभा होता, तो तेवढा हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

मी त्या पोराला काही बोललो नाही. तू कसा फुगा नीट करत उभा होतास ते आठवलं, म्हणून जवळच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग हळूहळू घरी आलो. तुला हे आयुष्यभर जमलं. मला पारापासून घराच्या दारापर्यंत जमलं. आत पाय ठेवला आणि त्या पोराला, त्याच्या बापाला, त्याच्या आजाला अशा शिव्या दिल्या की सुमन चुलीपुढून उठून आली.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जमलं नाई मंग."

मी म्हटलं, "आज नाई जमलं."